साताऱ्यात उणे चाळीस अंश? दोष सेन्सरचा की वायरीचा, ते असं शोधा

चेक इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात, त्यावर ‘इंजिन कूलंट टेम्परेचर सेन्सर सर्किट’ (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, म्हणजे कूलंटचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरची विजेची वाट) असं काहीतरी उमटतं, आणि तिथल्या तिथं निकाल लागतो: सेन्सर गेलाय, नवा टाकू. नवा सेन्सर पडतो, कोड पुसला जातो, दिवा विझतो. आठवड्याभरात पसरणीचा घाट चढताना दिवा पुन्हा हजर. मग दुसऱ्या कंपनीचा सेन्सर. मग ‘बहुतेक ईसीयूच (इंजिन चालवणारा कंप्युटर) गेलाय’ अशी कुजबुज, आणि ईसीयूची किंमत ऐकून गाडीच काढून टाकायचा विचार.

हा कोड सेन्सर खराब आहे असं सांगतच नाही. तो एवढंच सांगतो की ईसीयूपर्यंत पोचणारा विजेचा आकडा पटणारा नाही. त्या वाटेवर सेन्सर आहे, त्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) आहे, दोन वायरी आहेत, ईसीयूचा स्वतःचा कपलर आहे आणि ईसीयूच्या आतला एक छोटा रेझिस्टर (वीज ठरावीक अडवणारा भाग) आहे. यातला सेन्सर सगळ्यात स्वस्त आणि सहज बदलता येणारा, म्हणून पहिला संशय कायम त्याच्यावर. काही शे रुपयांचा मल्टीमीटर, वायरीचा बोटभर तुकडा आणि मोबाइलवर आकडे दाखवणारा एक अडॅप्टर एवढ्या सामानात खरा दोषी बहुतेक वेळा घरच्या अंगणातच सापडतो.

आतमध्ये नक्की काय चालतं

कूलंट टेम्परेचर सेन्सर म्हणजे थर्मोस्टॅटच्या (कूलंट रेडिएटरकडे कधी सोडायचं ते ठरवणाऱ्या झडपेच्या) आसपास इंजिनात बसवलेलं पितळी किंवा प्लॅस्टिकचं बोंड. त्याच्या टोकात थर्मिस्टर असतो. तो कूलंट जितकं गरम तितका विजेला कमी अडवतो. पुष्कळ गाड्यांत दिसणाऱ्या एका सर्वसाधारण सेन्सरचे आकडे असे (ओहम हे विजेच्या अडथळ्याचं माप): २० अंशांना सुमारे २,५०० ओहम, ४० अंशांना १,२०० च्या आसपास, ६० ला ६००, ८० ला ३२०, आणि १०० अंशांना जेमतेम १९०. तुमच्या गाडीचे आकडे थोडे वेगळे असतील, पण उतार असाच. सुरुवातीला धपकन, नंतर हळूहळू. हा उतार ध्यानात ठेवा, पुढची सगळी गंमत त्याच्यातच आहे.

ईसीयूला ओहम मोजता येत नाहीत, त्याला फक्त व्होल्ट कळतात. म्हणून तो ५ व्होल्ट घेतो, आपल्या पोटातल्या एका ठरलेल्या रेझिस्टरमधून ते सेन्सरकडे पाठवतो आणि मधल्या सांध्यावर किती व्होल्ट उरले ते बघतो. पाच एकर जमीन दोघा भावांत वाटायची आणि ज्याचं खटलं, म्हणजे कुटुंब, मोठं त्याला जास्त, असा हिशोब समजा. ईसीयूतल्या भावाचं खटलं कायम तेवढंच. सेन्सरमधल्या भावाचं मात्र थंडीत वाढतं आणि उन्हात आटतं. ईसीयू फक्त या दुसऱ्याच्या वाट्याला काय आलं ते पाहतो आणि त्यावरून हवामान ओळखतो. आतला रेझिस्टर २,२०० ओहमचा धरला, तर २० अंशांना सांध्यावर साधारण २.७ व्होल्ट दिसतील, ८० अंशांना ०.६३ आणि १०० अंशांना ०.४.

काही ईसीयू मधेच, इंजिन अर्धवट तापल्यावर, आतला रेझिस्टर बदलतात. अशा गाडीत व्होल्टेज एकापर्यंत उतरतं आणि अचानक साडेतीनच्या घरात उडी मारतं. ते बघून दचकू नका. अ‍ॅपवरचं तापमान त्याच वेळी शांतपणे वाढत असेल तर सगळं ठीक आहे.

हा आकडा चुकला तर नुकसान फक्त दिव्यापुरतं राहत नाही. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ईसीयू जादा पेट्रोल सोडतो. इंजिन गरम असूनही त्याला ते थंड वाटत राहिलं तर तो जादा पेट्रोल सोडतच राहतो: अ‍ॅव्हरेज पडतं, सायलेन्सरला काळा धूर आणि कच्च्या पेट्रोलचा वास, प्लगवर काजळी, आणि कालांतराने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं आयुष्य कमी. याच्या उलट, थंड इंजिन त्याला गरम वाटलं तर सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी दमते. डिझेल गाडीत ग्लो प्लग किती वेळ तापवायचे हेही याच आकड्यावरून ठरतं. रेडिएटरचा फॅन कधी लावायचा, इंजिन फार तापलं तर एसी कधी तोडायचा, सिग्नलला गाडी आपोआप बंद करायची की नाही, हे सगळं हाच आकडा ठरवतो.

उघड दोष: वायर तुटली किंवा चिकटली

दोन टोकं आधी बघू, कारण ती सोपी आहेत.

सेन्सरचा कपलर निघाला किंवा वायर तुटली की सांध्यावर पूर्ण ५ व्होल्ट उरतात. किती व्होल्ट म्हणजे किती अंश याचं कोष्टक ईसीयूत साठवलेलं असतं, त्यात एवढे व्होल्ट म्हणजे उणे ४० अंश. डिसेंबरातल्या पहाटे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गवतावर दव गोठतं खरं, पण उणे ४० तिथंही नाही. अशा वेळी पी ०११८ हा कोड येतो, म्हणजे व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त. (अ‍ॅप सेल्सिअसवर आहे की फॅरनहाइटवर हा घोळ इथं होत नाही. उणे चाळीसला दोन्ही मोजपट्ट्या एकच आकडा दाखवतात.)

याच्या उलट, सिग्नलची वायर (ईसीयूकडून ५ व्होल्ट आणणारी) सोलून इंजिनला किंवा ग्राउंडच्या (बॅटरीच्या मायनसकडे परत जाणाऱ्या) वायरीला चिकटली तर व्होल्टेज शून्यावर येतं आणि ईसीयूला इंजिन उकळतंय असं वाटतं: १३०, १४० किंवा त्याहून वर, कोष्टक जिथं संपतं तिथं. कोड येतो पी ०११७. पी ०११९ म्हणजे दोष येतो-जातो, बहुतेकदा सैल कपलर. पी ०११६ म्हणजे आकडा शक्य कोटीतला आहे पण पटत नाही, उदाहरणार्थ पंधरा मिनिटं चालवूनही तापमान हलत नाही. हे कोड सगळ्या कंपन्यांत सारखेच असतात. अमेरिकेत १९९६ पासून ही पद्धत सक्तीची झाली आणि पुढे जगभर पसरली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांत तर आहेच, आधीच्या पुष्कळ बीएस ४ गाड्यांतही स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट सापडेल.

दोन्ही टोकांना ईसीयू शहाणपणाने वागतो. आकडा अशक्य आहे हे ओळखतो, तो बाजूला ठेवतो, स्वतःच एक मधला आकडा धरतो आणि काळजी म्हणून फॅन सतत चालू ठेवतो. किल्ली फिरवताच फॅनचा घोंघाट सुरू होत असेल आणि दिवा लागलेला असेल, तर त्याचं कारण बहुधा हेच. अशी गाडी पेट्रोल पिते, पण इंजिन जाळत नाही.

एक विनंती. कोड पुसण्याआधी ‘फ्रीझ फ्रेम’ उघडून तिचा मोबाइलवर फोटो काढा. कोड नोंदला गेला त्या क्षणी तापमान, वेग, आरपीएम काय होते हे तिथं साठवलेलं असतं आणि कोड पुसला की तेही जातं. आधी कोड पुसून ‘बघू परत येतोय का’ म्हणायची आपल्याकडची रीत मला अजिबात पटत नाही. पुरावा पुसून तपास सुरू केल्यासारखं आहे ते.

छुपा दोष: पटेल असं खोटं

खरा धोका वेगळाच आहे, आणि त्यात बहुतेक वेळा दिवा लागतच नाही.

सातारा जिल्ह्याची हवा वायरिंगला दोन्हीकडून छळते. महाबळेश्वरकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, चार-चार महिने ओल सुटत नाही. माण-खटावात पाऊस पाचशेच्या आसपास, पण फुफाटा बारीक रेघेतूनही आत शिरतो. उसाच्या पट्ट्यात गाडी फडाजवळ उभी राहिली की बोनेटखाली उंदरांचा संसार. वर दर पंधरा दिवसांनी प्रेशरने इंजिन धुऊन घ्यायची हौस. कपलरच्या रबरी सीलने कितीही जीव लावला तरी शेवटी आत हिरवी पूड धरतेच.

समजा त्या हिरव्या पुडीने कपलरच्या पिनेवर २०० ओहमचा अडथळा तयार केला. सकाळी इंजिन २० अंशांवर आहे. सेन्सर २,५००, अडथळा २००, एकूण २,७००. ईसीयूला वाटतं, १८ अंश. दोन अंशांचा फरक, कोणाच्या लक्षात येणार? आता तीच गाडी पुण्याहून येताना खंडाळा सोडून खंबाटकी चढतेय. पुढे उसाचा ट्रक, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, वारा नाही. कूलंट खरोखर १०० अंशांवर पोचलं. सेन्सर १९०, अडथळा २००, एकूण ३९०. कोष्टकात ३९० ओहम म्हणजे साधारण ७४ अंश. पिनेवरची पूड तीच, पण थंड असताना खोट दोन अंशांची आणि गरम असताना सव्वीस अंशांची.

आता फॅनचं काय होतं बघा. फॅन ९६ अंशांना लागायचा असेल तर ईसीयूला एकूण दोनशे-सव्वादोनशे ओहम दिसायला हवेत. त्यातले दोनशे तर कपलरनेच खाल्ले. म्हणजे हा फॅन तापमानाच्या जोरावर कधीच लागणार नाही, इंजिन कितीही तापू दे. नव्या गाड्यांत डॅशबोर्डवरचा काटा किंवा तापमानाचा लाल दिवाही बहुधा ईसीयूकडूनच माहिती घेतो, त्यामुळे तोही गप्प. ७४ हा आकडा अशक्य नाही, म्हणून सर्किटचा कोडही येत नाही. बोनेटमधून वाफ निघेपर्यंत गाडीतल्या एकाही माणसाला किंवा यंत्राला काही कळत नाही. हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं सील) उडाल्यावर गॅरेजमध्ये म्हणतात, ‘काटा बघत नव्हता का?’ काटा बघूनच तर चालवत होता बिचारा.

यात आणखी एक पेच आहे. बहुतेक गाड्यांत एसी लावला की फॅन तापमान न विचारता चालू होतो. गॅरेजमध्ये एसी लावून फॅन फिरताना बघतात आणि ‘फॅन ओके’ म्हणून मोकळे होतात. त्यामुळे उन्हाळ्यात एसी लावून घाट चढणारी गाडी सुखरूप जाते आणि दिवाळीनंतर काचा उघड्या टाकून चढणारी तीच गाडी तापते. ‘गाडी थंडीतच गरम होते’ अशी तक्रार घेऊन कोणी आलं तर हसू नका, कपलर उघडा.

उलट प्रकारही आहे. कपलरमध्ये पाणी गेलं, किंवा घासलेल्या वायरीतून थोडी वीज गळायला लागली, तर सेन्सरला एक चोरवाट मिळते. ही गळती ५,००० ओहमची धरा. २० अंशांना सेन्सरचे २,५०० आणि गळतीचे ५,००० शेजारी-शेजारी लागले की एकूण सुमारे १,६७० होतात, म्हणजे ईसीयूला ३० अंश दिसतात. गरम इंजिनावर मात्र ३२० चे ३०० होतात आणि फरक जेमतेम दोन-अडीच अंशांचा पडतो. सकाळच्या थंडीत गाडी पेट्रोलला उपाशी राहते, एकदा तापली की सुतासारखी सरळ. इंजिन धुऊन आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी कुरकुरते आणि दुपारी बरी होते ती बहुतेक यामुळे.

एवढं कळलं तर अर्धं निदान झालं. गाडी गरम झाल्यावरच आकडा खाली राहतो तर वाटेत अडथळा आहे. गाडी थंड असतानाच आकडा वर दिसतो तर वाटेत गळती आहे.

तपास कसा करायचा

पहिली परीक्षा फुकटची आहे आणि ती पहाटेच होते. गाडी रात्रभर उभी राहिली पाहिजे. सकाळी इंजिन चालू न करता फक्त किल्ली ऑन करा, ईएलएम३२७ सारखा ब्लूटूथ अडॅप्टर सॉकेटला लावा आणि अ‍ॅपमध्ये दोन आकडे शेजारी ठेवा: कूलंटचं तापमान आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभरात सगळं इंजिन हवेच्या तापमानावर आलेलं असतं, म्हणून हे दोन्ही आकडे एकमेकांच्या तीन-चार अंशांत हवेत आणि अंगणातल्या थर्मामीटरशीही जुळायला हवेत. बाहेर १५, हवेचा सेन्सर १६ आणि कूलंट २७ म्हणत असेल तर दोषी कोण ते दिसलंच.

मग इंजिन चालू करा आणि आकडा चढताना बघा. तो सलग चढला पाहिजे. मधेच दहा-पंधरा अंशांनी खाली आपटून परत वर येत असेल तर पाणी इतक्या झटकन थंड-गरम होत नाही, सांधा सैल आहे. अशा वेळी वायरिंगचा गठ्ठा हलवून बघा: कपलरजवळ, ब्रॅकेटच्या कडेला, बॅटरीखाली. आकडा ज्या जागी उडी मारेल तिथंच शोध संपतो.

इंजिन पूर्ण तापल्यावर टेम्परेचर गनने (लांबूनच तापमान मोजणारं उपकरण) खरं तापमान ताडून बघा. गन चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर मारू नका, चमकत्या धातूवर ती बरंच कमी दाखवते. थर्मोस्टॅटच्या घरावर काळी टेप चिकटवून तिच्यावर नेम धरा. अ‍ॅप आणि गन यांत चार-सहा अंशांचा फरक चालतो, वीस-पंचवीसचा नाही.

आता खरी कसोटी. इंजिन बंद, किल्ली ऑन, अ‍ॅप चालू. फॅनच्या पात्यांपासून हात, ओढणी, मफलर दूर ठेवा, कारण पुढच्या क्षणी तो आपोआप सुरू होऊ शकतो. सेन्सरचा कपलर काढा. आकडा उणे ४० वर गेला पाहिजे. काही ईसीयू दोन-चार सेकंदांत स्वतःचा गृहीत आकडा दाखवायला लागतात, म्हणून कपलर काढतानाच स्क्रीनवर नजर हवी. कपलर काढूनही आकडा गरमच राहिला, तर सेन्सर निर्दोष आहे: सिग्नलची वायर पुढे कुठेतरी ग्राउंडला चिकटली आहे.

मग वायरीच्या तुकड्याने कपलरमधली दोन टोकं एकमेकांना जोडा. (कपलरला दोनच टोकं असतील तरच. तीन-चार टोकांच्या कपलरमध्ये डॅशबोर्डच्या काट्याचीही जोडणी असते, तिथं वायरिंगचा नकाशा हातात असल्याशिवाय काही जोडू नका.) आकडा कोष्टकाच्या वरच्या टोकाला भिडायला हवा. तो उणे ४० वरून हललाच नाही तर दोनपैकी एक वायर तुटली आहे. कुठली ते शोधायला सिग्नलचं टोक थेट इंजिनच्या स्वच्छ धातूला लावा. आता आकडा वर गेला तर तुटलेली वायर ग्राउंडची. तरीही हलला नाही तर सिग्नलची, किंवा ईसीयूची, पण ईसीयूचं नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं.

आणि तो छुपा २०० ओहमवाला दोष? तो वायरीत किंवा ईसीयूकडच्या सांध्यात असेल तर इथंच उघडा पडतो. दोन्ही टोकं जोडल्यावर आकडा १३०-१४० ला जाण्याऐवजी ९८ च्या आसपास थांबतो. शून्य ओहम दिसायला हवे होते, दोनशे दिसले. मात्र पूड नेमकी सेन्सरच्या पिनेवर असेल तर कपलर काढताच अडथळाही बाजूला होतो आणि ही कसोटी ‘पास’ दाखवते. ग्राउंडच्या वायरीतला अडथळा कपलर जोडलेलाच ठेवून, मागच्या बाजूने बारीक टाचणी सरकवून मोजता येतो. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक ग्राउंडच्या वायरीवर, दुसरं बॅटरीच्या मायनसवर. ०.०५ व्होल्टच्या आत हवं. इथं पाव-अर्धा व्होल्ट दिसला तर ग्राउंडच्या वाटेत अडथळा आहे. पिनेवरची पूड मात्र यातही दिसत नाही, तिच्यासाठी इंजिन तापलेलं असताना कपलर काढून सेन्सरच्या दोन पिनांवर ओहम मोजायचे. सेन्सर म्हणतो १९० ओहम म्हणजे १०० अंश आणि अ‍ॅप म्हणत होतं ७४, तर सेन्सरला सोडून द्या, मधल्या वाटेला धरा.

वायरमन मंडळींचा लाडका टेस्ट लॅम्प या सर्किटला लावू नका. इथून जेमतेम दोन मिलिअँपिअर वीज वाहते, लॅम्प त्याच्या शेकडोपट ओढतो आणि ईसीयूचं आतलं सर्किट जाऊ शकतं. वायरीला सुई टोचून मोजायची सवयही सोडा. त्या भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरेल आणि नवा दोष तुम्हीच पेरलेला असेल.

ग्राउंडची वायर बऱ्याच गाड्यांत एकट्या या सेन्सरची नसते. हवेच्या तापमानाचा, थ्रॉटलचा, मॅनिफोल्ड प्रेशरचा सेन्सर हे सगळे त्याच ग्राउंडवर उभे असतात. एकदम तीन-चार सेन्सरचे कोड आले तर तीन-चार सेन्सर एका दिवसात मेले असं समजू नका, त्यांची सामाईक ग्राउंड शोधा.

सेन्सर पाण्यात उकळताना

सेन्सर बाहेर काढून तपासायचा असेल तर पातेल्यात पाणी, थर्मामीटर आणि मल्टीमीटर पुरतो. टोक पाण्यात, पिना बाहेर, सेन्सर तळाला टेकू द्यायचा नाही. बर्फाच्या पाण्यापासून सुरुवात करून दर वीस अंशांना ओहम लिहून घ्या आणि गाडीच्या मॅन्युअलमधल्या कोष्टकाशी ताडा. आकडे एका लयीत उतरले पाहिजेत.

पाणी उकळलं म्हणजे १०० अंश, हे मात्र आपल्याकडे खरं नाही. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास आहे, इथं पाणी साधारण ९७.५ अंशांना उकळतं. महाबळेश्वर तेराशे मीटरच्या वर, तिथं ९५.५ च्या जवळपास. कोष्टकात १०० अंशांना १९० ओहम लिहिलेत आणि आपल्या पातेल्यात दोनशेच्या वर दिसतात, म्हणून चांगला सेन्सर फेकून देऊ नका. थर्मामीटरवर विश्वास ठेवा, बुडबुड्यांवर नको.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे शंभरदा सांगितलं तरी कमीच. बंद झाकणाखाली दाब असतो, म्हणून आतलं पाणी १०० च्या वरही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि तेच पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. सेन्सर काढायचा तोही इंजिन पूर्ण गार झाल्यावरच.

सेन्सर खरं बोलतोय आणि दोष भलतीकडेच आहे

कधी कधी आकडा कमी दिसतो कारण इंजिन खरंच थंड असतं. थर्मोस्टॅट उघडा अडकला की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरतं आणि इंजिन तापतच नाही. यवतेश्वरचा घाट चढताना ८५ आणि काससारख्या पठारावर सपाटीला लागताच ६५, असा आकडा झोके घेत असेल आणि टेम्परेचर गनही तेच सांगत असेल, तर थर्मोस्टॅट बदला. अशा गाडीला पुष्कळदा पी ०१२८ कोड येतो. थंड सुरुवातीनंतर पहिल्या दोन-तीन मिनिटांतच रेडिएटरचा वरचा पाइप हाताला कोमट लागायला लागला तर निदान पक्कं. चांगला थर्मोस्टॅट ८० च्या पुढे जाईपर्यंत तिकडे गरम पाणी सोडत नाही.

कूलंट कमी असेल किंवा आत हवेचा फुगा अडकला असेल तर सेन्सरचं टोक पाण्याऐवजी हवेत लटकतं. मग आकडा लहरी होतो: कमी, जास्त, परत कमी. कूलंट बदलल्यानंतर लगेच हा त्रास सुरू झाला तर सेन्सरकडे बघूच नका, आधी हवा काढा.

जुन्या गाड्यांत डॅशबोर्डच्या काट्यासाठी वेगळा, एकाच वायरीचा सेन्सर असतो. त्याची ग्राउंड त्याच्या आट्यांमधूनच इंजिनला मिळते. गळती थांबावी म्हणून कोणी त्याच्यावर टेफ्लॉन टेपचे चार वेढे दिले की ग्राउंडच तुटते आणि काटा मेल्यासारखा पडून राहतो. हा सेन्सर आणि ईसीयूचा दोन वायरींचा सेन्सर वेगवेगळे आहेत. काटा चुकीचा दाखवतो म्हणून ईसीयूचा सेन्सर बदलणं, किंवा याच्या उलट, म्हणजे पैसे पाण्यात.

दुरुस्ती बहुतेकदा कंटाळवाणी असते. हिरवी पूड कॉन्टॅक्ट क्लीनरने आणि बारीक ब्रशने काढा, पॉलिश पेपर लावू नका, पिनेवरचा मुलामा निघून जातो आणि पूड आणखी लवकर धरते. सैल झालेलं आतलं टोक बदलून घ्या. वायर जोडायची तर पिळून वर चिकटपट्टी गुंडाळू नका, तो जोड खंबाटकीच्या एका पावसात परत उघडेल. सोल्डर किंवा नीट क्रिम्प करा आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. कपलरचं रबरी सील फाटलेलं असेल तर नवं टाका, नाहीतर हे सगळं वर्षभरात पुन्हा करावं लागेल.

शेवटी पहाटेची परीक्षा परत घ्या, आणि मग एसी बंद ठेवून, अ‍ॅप चालू ठेवून एक घाट चढा. अ‍ॅपकडे शेजारी बसलेल्याला बघू द्या. वर पोचल्यावर इंजिन चालू ठेवून गाडी बाजूला उभी करा आणि फॅन कितीला लागतो, कितीला बंद होतो ते दोन्ही आकडे सर्व्हिस बुकच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी काही बिघडलं की गॅरेजमध्ये ताडून बघायला तुमच्याच गाडीचे आकडे हाताशी असतील.